सोळा गुंठे

गुरुवारी सकाळी सव्वाअकराला सातवीच्या मुलांनी शाळेचं मैदान टेपने मोजलं. कागदावर वीस गुंठे असलेलं मैदान सोळाच भरलं. क्षेत्रफळ नुसत्या फळ्यावर कळत नाही, म्हणून खैरनारबाईंनी वर्ग बाहेर नेला होता.

"बाई, उरलेले चार सरपंचकाकांच्या गोठ्यात गेले," एक मुलगी म्हणाली. वर्ग खिदळला. आत आल्यावर बाईंनी वीस वजा सोळा फळ्यावर मांडलं.

तासाभरात सरपंच वर्गाच्या दारात आले. "पुस्तकातलं शिकवा, बाई. फळ्यावरचं ते पुसा. अर्ज न करताही बदली होते हो!"

बाईंनी टेप त्यांच्यापुढे धरला. "गणित चुकलं असेल तर पुसते," त्या म्हणाल्या. "तुम्हीच मोजा."

सरपंच तणतणत गेले. बाईंनी तेच गणित गृहपाठाला दिलं आणि पालकांची सही आणायला सांगितली.

शुक्रवारी सकाळी एकतीसपैकी नऊ वह्यांवर सह्या होत्या. बदलीचा आदेश अजून आलेला नव्हता.