दोन दिवस कमी

"अमरावतीचं होऊन गेलं, अकोल्याचं फक्त डेव्हलपरसाठी हाय. आर्किटेक्टचं ट्रेनिंग यंदा एकच, नागपूरले. सोमवारपासून पाच दिवस." दिपालीनं सॉफ्टवेअर कंपनीचा कागद गझालापुढे धरला. "आपल्या यवतमाळच्या ऑफिसातून एकट्या तुहं नाव हाय. पण पह्यल्या दिवशी जो हजर नाही, त्याचं नाव कटते."

गझालानं कागद हातात घेतला नाही.

"माझी इद्दत मंगळवारी पुरी होते."

दिपाली ऑफिसात तिच्या शेजारच्याच टेबलावर बसायची. तिनं कागद तसाच पुढे धरून ठेवला. "दोन दिवसांसाठी जाऊ देशील?"

"दोन दिवस तं दोन दिवस."

बाभुळगावच्या त्या घरात चार महिन्यांपासून दिवस मोजणंच चाललं होतं. नवरा गेला, की त्याच्या मृत्यूच्या दिवसापासून एकशे तीस दिवस बायकोनं बाहेर मुक्काम करायचा नाही. सासू बिस्मिल्लाबी रोज सकाळी कॅलेंडरवर पेन्सिलीनं रेघ मारायच्या. बातमी आली त्या शुक्रवारपासून एक दिवस चुकला नव्हता. आता मोजकेच उरले होते आणि नेमके तेच आडवे आले.

इम्तियाज जिनिंगच्या मशीनचा मिस्त्री. हात इतका चांगला, की दारव्ह्यापासून माणसं बोलवायला यायची. पण कापसाच्या त्या वाईट वर्षांत जिनिंगं एकेक करून बंद पडली आणि चांगल्या हाताला काम उरलं नाही. तो सौदीत दम्मामला गेला. जाताना गझालाला म्हणाला होता, "तवर तू कॉम्प्युटरचं पुरं शिकून घे. मंग मी तुह्या पगारावर बसून खातो." चेष्टाच होती, पण तिनं ती मनावर घेतली.

तो परत आला नाही. कारखान्यात शॉक लागला. दफनही तिकडंच झालं. कोणालाच त्याचं तोंड दिसलं नाही.

ती बातमी आली त्या आठवड्यात गझाला नागपूरला होती, डेव्हलपरच्या ट्रेनिंगला. सोमवार ते गुरुवार, आणि गुरुवारी परीक्षा. वर्गात सगळी इंजिनिअर झालेली शहरातली पोरं. फाडफाड बोलायची. हिला वाटायचं, आपण कुठं येऊन पडलो. बुधवारी रात्री तिनं बॅग भरूनही ठेवली होती.

गुरुवारी सकाळीच सासऱ्यांचा फोन आला. अब्दुल गनींचं मोटर वाइंडिंगचं दुकान. दम्मामचा फोन तिथंच यायचा.

"रात्री इम्तियाजचा फोन आलता," ते म्हणाले. "म्हणे, गझालाले सांगा, घाबरू नको. पेपर पुरा केल्याबिगर उठू नको."

ती उठली नाही. विभागात पहिली आली. त्या रात्री अब्दुल गनी तिला घ्यायला स्वतः स्टँडवर आले, बॅगही त्यांनीच उचलली. घरी आल्यावर पोट बरं नाही म्हणून जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मशिदीतून परतले आणि दारातच खाली बसले. इम्तियाजच्या खोलीत राहणाऱ्या जमीरचा फोन आला, इम्तियाज आज सकाळी गेला, असं त्यांनी सांगितलं.

नवऱ्याचे ते शेवटचे शब्द गझालानं जिवापलीकडे जपले. कोणी समजूत घालायला आलं की तिला नकोसं व्हायचं. ते शब्द आठवले की मात्र पोटभर रडता यायचं. रडून झालं की ती उठून भाकरी टाकायची.

"गझाला, इचार कर," दिपाली म्हणाली. "आपल्याकडे आर्किटेक्ट नसला तं हे ऑफिस मार्चमध्ये बंद करतो म्हणून राह्यले. मले नागपुरात जागा देतील. तुले कोण देते?"

बिस्मिल्लाबींनी पदरानं डोळे पुसले. "जाय बेटी. लोकायच्या तोंडाले झाकण नसते. अल्लाह दिल पाह्यते."

"लोकायचं नाही, अम्मी." गझाला म्हणाली. "मी त्याले शेवटचं पाह्यलं नाही. त्याच्यासाठी मले काहीच करता आलं नाही. हे दिवस तरी त्याचे पुरे होऊ द्या. मंग नोकरी गेली तं गेली."

पोरीचं चुकत नव्हतं, आणि म्हणूनच ऐकवत नव्हतं.

अब्दुल गनी ओट्यावर मोटरला तार गुंडाळत बसले होते. त्या शुक्रवारपासून त्यांचं बोलणं अर्ध्यावर आलं होतं. तिकडून आलेले पोराचे कागदही त्यांनी कोणाला दाखवले नव्हते. बापाचं काळीज, म्हणून कोणी मागितलेही नाहीत.

दिपाली उठली. "मंग मी उद्या नाही म्हणून कळवतो."

"थांब पोरी," अब्दुल गनी म्हणाले. तार खाली ठेवून ते आत आले. "कळवू नको. हे सोमवारी हजर राह्यते."

"अब्बा, मी सांगतलं ना—"

"तुही इद्दत उद्या, शुक्रवारीच पुरी होते."

"उद्या कशी?" बिस्मिल्लाबी म्हणाल्या. "म्या एकेक दिवस मोजला. मंगळवारीच होते."

"तू बरोबर मोजलं. म्या सांगतलेला दिवस खोटा होता."

अब्दुल गनींनी बायकोकडे पाहिलं नाही. सुनेसमोर ते खाली बसले आणि दोन्ही हात त्यांनी जमिनीला टेकवले.

"इम्तियाज सोमवारी गेला, बेटी," ते म्हणाले. "तुहा पेपर गुरुवारी होता."