बंद पुलावरची मावशी

“किल्ली दे,” मावशी म्हणाली.

भाचा दार अडवून उभा होता. सायकलीच्या मागच्या चाकाला सकाळीच त्याने साखळी घातली होती.

“आज नको. आज पुलाची तपासणी आहे. संध्याकाळी हवी तेवढी फिर.”

“अकरा वर्षं रोज जातेय त्या पुलावरून. आजच त्याला काय धाड भरलीय?”

“गाड्यांना तो बंद करणारी तूच ना? धोकादायक म्हणून तूच लिहिलंस. आता तर पूल आणखी म्हातारा झालाय.”

“म्हातारी मीही झालेय. पडले का?”

तिने खिळ्यावरून दुसरी किल्ली काढली, साखळी सोडली आणि त्याला खांद्याने बाजूला सारून सायकल बाहेर काढली. त्याने कपाळाला हात लावला.

मावशी सरकारी बांधकाम खात्यात पुलांची इंजिनिअर. निवृत्त होऊन तिला सहा वर्षं झाली होती. भाचा आता त्याच खात्यात, तिच्याच खुर्चीत बसत होता. त्याला वाढवलं तिनेच. त्याची आई म्हणजे तिची धाकटी बहीण. शाळेत शिकवायची, सायकलीवरून जायची-यायची. नदीकाठच्या याच रस्त्यावर खाणीतल्या दगडांच्या ट्रकने तिला उडवलं. ट्रकवाल्याचं म्हणणं, ती दिसलीच नाही. दिवसाढवळ्या.

त्यानंतर चार महिन्यांत मावशीचा अहवाल आला आणि पूल मोठ्या गाड्यांना बंद झाला. ट्रक डोंगरामागच्या हमरस्त्याने फिरून जाऊ लागले. पूल उरला तो चालणाऱ्यांना आणि सायकलींना.

आणि रस्त्याचं रूपच बदललं. आता तिथे पेडलच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नसे. डावीकडे नदी, उजवीकडे टेकडीच्या कुशीतली भाताची खाचरं. बगळे रस्त्याच्या मधोमध उभे राहत आणि सायकल अगदी जवळ आली की मगच, उपकार केल्यासारखे, बाजूला होत. नदी रुंदावत जाई, वाऱ्याला खारट वास येई, आणि पूल ओलांडला की थेट समुद्र. दोन्ही काठांवरच्या मुली आता सायकलीने शाळेत जात होत्या. पूर्वी आईबाप त्यांना रस्त्यावर पाऊल ठेवू देत नसत.

हे सगळं खाणवाल्याला खुपत होतं. आदल्या दिवशीच तो घरी येऊन बसला होता.

“ताई, पूल बंद होण्याआधी माझे ट्रक बारा वर्षं गेलेत त्यावरून. पूल ठणठणीत आहे. मलाही माहीत आहे आणि...” तो हसला होता, “तुम्हालाही माहीत आहे.”

“चहा झाला असेल तर उठा,” मावशी म्हणाली होती.

तो गेल्यावर भाच्याने विचारलं होतं, “असं का म्हणाला तो?”

“त्याला दगडातलं कळतं, पुलातलं नाही.”

आता पुलावर पोचली तेव्हा मावशीला खाली होडी दिसली. होडीत भाचा होता. तो गाडीने दुसरीकडून आला होता. शेजारी ओला पाणबुड्या दोर गुंडाळत होता. भाच्याने वर पाहिलं आणि ओरडला, “मावशी, तिथून हो! लवकर!”

तिला हसू आलं. ती मुद्दामच मधोमध थांबली, उतरली आणि पुलावर दोनदा पाय आपटला. तेवढ्यात मागून मुलींचा घोळका आला.

“आजी, शर्यत?”

“हरलात तर रडायचं नाही!”

आणि सातआठ सायकली घंट्या वाजवत समुद्राच्या दिशेने सुटल्या. सगळ्यांत पुढे मावशी होती.

भाचा दुपारी घरी आला. बूट चिखलाने भरलेले, चेहरा उतरलेला. त्याने पाणी मागितलं आणि न पिताच पेला खाली ठेवला.

“मावशी, कसं सांगू कळत नाहीये.”

या दिवसाची मावशीने अकरा वर्षं वाट पाहिली होती. ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

“तू नको सांगूस, मीच सांगते. तो अहवाल खोटा आहे. मी पुलाखाली उतरलेसुद्धा नाही. या टेबलावर बसून लिहिला. मधल्या दोन खांबांच्या पायाखालची वाळू वाहून गेलीय, असं ठोकून दिलं. पाण्याखालचं कोण बघायला जातंय, म्हटलं. तुझ्या आईला जाऊन चार महिने झाले होते आणि ते ट्रक तसेच सुसाट जात होते. अर्ज केले, हातापाया पडले. कुणी हललं नाही. मग लिहिलं.”

“मावशी—”

“मला बोलू दे. लाज नाही वाटत मला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा लिहीन. अकरा वर्षांत त्या रस्त्यावर एक पोर मेलेलं नाही. जा, दे तुझा खरा अहवाल. माझी पेन्शन काढून घ्या, तुरुंगात टाका. पण पहिला ट्रक येईल तेव्हा मी पुलाच्या तोंडाशी सायकल आडवी टाकून बसलेली असेन. सांग त्या खाणवाल्याला, पूल मजबूत आहे आणि मीही.”

भाचा एकदम उठला आणि खिशातला फोन चाचपू लागला.

“शाळा किती वाजता सुटते?” त्याने विचारलं. “पुलाला दोर बांधून आलोय, पण मुली त्याखालून निघतील. त्यांना त्या काठावरच थांबवायला हवं. मावशी, पाणबुड्याचा हात मधल्या त्याच दोन खांबांखालून आरपार गेला. तो पूल उभा कशावर आहे, तेच कळत नाहीये.”