सतरा नावं

बँडचा पहिलाच अल्बम भरल्या सभागृहात रेकॉर्ड होत होता. रेकॉर्डिंग करणारी तरुणी हेडफोन लावून मशीनपाशी होती. मागच्या रांगेत तिचे बाबा, कारखान्यातले निवृत्त फिटर, गोंगाटाने कपाळाला आठ्या घालून बसले होते. शेवटचं गाणं त्याच कारखान्यातल्या संपकऱ्यांवरच्या गोळीबारात गेलेल्या सतरा जणांच्या नावांचं होतं. गायकाने तिसरं नाव घेतलं आणि दाराशी पहाऱ्यावर असलेल्या पोलिसांनी गाणं थांबवायला वीज तोडली. गिटारी मुक्या झाल्या. तिचं मशीन तेवढं बॅटरीवर चालू राहिलं. मागून एका घोगऱ्या आवाजाने चौथं नाव घेतलं. मग पाचवं. तिने वळून पाहिलं. त्या संपाबद्दल घरात अवाक्षरही न काढणारे बाबा उभे राहिले होते. ड्रमवाल्याने हलकेच ठेका धरला. प्रत्येक नाव त्यांच्यामागून अख्खं सभागृह घेऊ लागलं. “सगळं आलं का गं?” त्यांनी नंतर विचारलं. “एकही नाव सुटलं नाही, बाबा.”