सातव्या वळणानंतर

संग्राम मोटारींच्या शर्यतीत मरण पावला, तेव्हा गाडीतला कॅमेरा चालू होता. त्याची बहीण स्वानंदी जयपूरच्या घरी ते चित्रण रोज दुपारी लावायची. त्यात दादाच्या डोळ्यांनी रस्ता दिसायचा. सातव्या वळणावर अपघात व्हायचा आणि पडदा काळा पडायचा.

काल चित्रणातली गाडी ते वळण ओलांडून पुढे गेली. आज नववंही ओलांडलं.

"पुसून टाक ते," आई म्हणाली. "आणि उद्या तूही त्याच्यासारखी शर्यतीत उतरू नकोस."

"उतरणार, आई."

तेवढ्यात पडद्यातून संग्रामचा आवाज आला, "स्वानंदी, ये, शेजारी बस."

आईनं तिचं मनगट घट्ट धरलं.

"शेजारी नाही," स्वानंदी पडद्यावर नजर रोखून म्हणाली. "सरक, दादा. गाडी मी चालवणार."

पडद्यावर भरधाव गाडीच्या स्टिअरिंगवरून संग्रामचे दोन्ही हात हळूच बाजूला झाले.