हक्काचं गाव

सोलापुरात बिऱ्हाड मांडलं त्याच दिवशी तेलंगी विणकर राजेशमनं खोलीतली जमीन उकरून हातमागासाठी खड्डा खणला. शेजारच्या गिरणी कामगार मायाप्पाला हसू आवरेना.

"आरं, परमुलखातला माणूस तू! हितं एवढं खोल कशाला रुततूस? मी इतकी वर्सं गिरणीत हाय, पर भिंतीला खिळा न्हाय ठोकला. आपलं गाव हाय की सांगोल्याकडं, हक्काचं!"

पुढं गिरणी बंद पडली. राजेशमचा माग खटखटतच होता. मायाप्पानं बोचकं उचललं आणि थेट गाव गाठलं. थोरली वैनी लगबगीनं दारात आली. पाय धुवायला पाणी दिलं, तांब्याबरोबर गुळाचा खडा पुढं केला.

 

"या की भावजी! किती दिसांचा मुक्काम म्हणायचा?"