बर्फावरची शून्यं

इनोकेन्ती पावलोविच झारुबिन स्कीवरून जाता जाता थांबले, काठी उलटी धरली आणि बर्फावर आकडे लिहायला लागले.

मागून येणाऱ्या तिखोन येगोरिचनं घाईनं स्की पुढे सरकवली. कागदोपत्री तो झारुबिनांचा सेक्रेटरी. टाइप करता येत नव्हतं, कोटाच्या आत पिस्तूल मात्र होतं. अणुबॉम्बची थिअरी ज्यांच्या डोक्यातून निघाली, त्यांच्या मागे सावलीसारखं फिरायचं आणि संध्याकाळी रिपोर्ट द्यायचा, एवढंच काम. नियम साधा होता: झारुबिन जे लिहितील ते सरकारी गुपित, दिवस मावळायच्या आत तिजोरीत. एकदा मेजवानीत त्यांनी टेबलक्लॉथवर समीकरण मांडलं होतं. तो टेबलक्लॉथ बिटाच्या डागासकट अजून तिजोरीत आहे. पण बर्फ कसा ठेवणार?

तिखोनला संशय बरेच दिवस होता. गणित जमत असलं की झारुबिन गुणगुणायचे. हल्ली गुणगुणत नव्हते. आणि आता हे आकडे. झारुबिनांचं सगळं काम अक्षरांत चालायचं. त्यात आकडे घालायला खालच्या मजल्यावर मुली होत्या, त्या दिवसभर हिशेबाच्या मशीनची हँडलं फिरवायच्या. थिअरीवाला माणूस स्वतः गुणाकार करत बसला, म्हणजे तो कुणाला तरी चुकवतोय.

"हे काय, इनोकेन्ती पावलोविच?"

"माणसं."

"कुठली?"

"वसंतातल्या चाचणीची."

"चाचणी तर ओसाड माळावर आहे. तिथं कुत्रंसुद्धा नाही."

"धूळ माळावर थांबत नाही. वर जाते, जगभर उतरते. मग कुणाचं रक्त नासतं, कुणाला मूल होतं ते अधू. हे पुढच्या शंभरेक वर्षांत मरायचे लोक."

तिखोननं शून्यांवरून नजर फिरवली. "अमेरिकन असतील."

"आहेत की. पण आपले जास्त. आपण जवळ राहतो."

तिखोन जवळ वाकला. मग आवाज उतरवून म्हणाला, "हे मला रिपोर्टात घालावं लागेल. माहीत आहे ना?"

"म्हणून तर तुमच्यासमोर लिहिलं."

"म्हणजे?"

"मी दोनदा कागदावर लिहून दिलं. दोन्ही वेळा अतिगुप्त असा शिक्का बसला आणि तिजोरीत गेलं. आता ते वाचायचा परवाना मलाही नाही. या कुंपणातल्या गावातून मॉस्कोला जाणारं एकच लिखाण तिथं खात्रीनं वाचतात, तिखोन येगोरिच. तुमचं. माझ्याविरुद्धचं."

तिखोनचा चेहरा पडला. इतकी वर्षं तो या माणसावर नजर ठेवून होता, आणि या माणसानं त्याच्याकडून टपालाचं काम करून घेतलं होतं. "सापळा लावलात मला."

"लावला."

"तुम्हाला उचलतील."

"मला उचललं तर का उचललं ते कुणीतरी विचारेल. चाचणी थांबायला तेवढी एकच फट आहे."

तिखोननं तारेच्या कुंपणाकडे पाहिलं, मग भूर्जांच्या झाडीत पाहिलं. कुणी नव्हतं. तरी त्याचा विश्वास बसेना. त्याच्या मागेही कुणी असणार, हे त्याला अनुभवानं माहीत होतं. शेवटी त्यानं आतल्या खिशातून जांभळी पेन्सिल काढली, टोक जिभेवर ओलं केलं आणि गुडघ्यावर कागद ठेवून आकडा उतरवून घेतला. मग स्कीनं बर्फ सारखा केला.

झारुबिन त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते. "एक शून्य राहिलं."

"राहिलं नाही, गाळलंय. एवढा मोठा आकडा वर गेला की तो कुणी काढला एवढंच विचारतात. लहान असला तर निदान वाचतात. आमच्या खात्याची पद्धत आहे."

झारुबिनांनी कागदावरची शून्यं पुन्हा मोजली.

"दहातली नऊ माणसं वाचवलीत तुम्ही," ते म्हणाले. "मला जन्मात जमलं नाही."

हे चेष्टेत की मनापासून, ते तिखोनला कळेना. हे वाक्यही रिपोर्टात घ्यावं की काय, या विचारात तो पेन्सिलीचं टोक जिभेवर धरून तसाच उभा राहिला.