डावी बाजू वर

अल बर्शाच्या पार्कातल्या जुन्या बाजारात शाल्मलीला अखेर मनासारखा किमोनो सापडला, तर सांगलीहून बोटिमच्या व्हिडिओ कॉलवर आईचं टुमणं चालूच. "दुबईला शिकायला पाठवलं ते लोकांचे उतरलेले कपडे घालायला? कुणा मेलेल्याचे असायचे."

"तसलं काही नसतं गं आई."

विकणारी जपानी बाई तर आणखीच वैताग. शाल्मलीने उजवी बाजू वर घेऊन पट्टा बांधला की ती तो सोडायची आणि डावी बाजू वर घेऊन पुन्हा बांधायची. तिसऱ्यांदा तेच झाल्यावर शाल्मली भडकली. "मला हवा तसा बांधू द्या ना. विकायचाय की नाही तुम्हाला?"

बाई तोडक्या इंग्रजीत म्हणाली, "उजवी बाजू वर फक्त मेलेल्या माणसाची घेतात. माझ्या मुलीला शेवटचा किमोनो मी तसाच बांधला. हाही तिचाच आहे. तू हा जिवंत माणसासारखा घाल."

"काय म्हणतेय गं ती?" आईने फोनवरून विचारलं.

शाल्मलीने हात बाजूला घेतले आणि बाईला पट्टा बांधू दिला.

"काही नाही. नीट नेसवतेय मला."